सल्ला हवा: अफिलिएट मार्केटिंग म्हणजे चेन मार्केटिंग नव्हे, हे घरच्यांना कसं पटवू?

फोंडेकरीण:
नमस्कार मंडळी. दीड वर्ष मी स्वयंपाकघरातल्या वस्तूंवर मराठीत लिहितेय. कुठल्या मिक्सरमध्ये ओल्या खोबऱ्याचं वाटण गंधासारखं होतं, कुठल्यात चोथा राहतो, हे स्वतः वाटून बघते आणि खाली लिंक देते. तिथून कुणी घेतलं की मला कमिशन मिळतं; यालाच अफिलिएट मार्केटिंग म्हणतात. गेल्या महिन्यात ६,२०० रुपये आले.

घरी मात्र वातावरण तंग आहे. वीस वर्षांपूर्वी मामा एका साखळी योजनेत शिरला, अर्ध्या नातेवाइकांना ओढलं आणि सगळ्यांचेच पैसे बुडाले. त्यामुळे आई म्हणते, "असले पैसे आपल्या घरात नकोत." बाबांनी कळंगुटला २२ वर्षं टुरिस्ट टॅक्सी चालवली. ते काही बोलत नाहीत, विषय निघाला की उठून बाल्कांवात जाऊन बसतात. चवथीला मामाही येणार. काय सांगू?

डिचोलीकर:
मामांपासूनच सुरुवात करा, पण त्यांना दोष न देता. त्यांनाच विचारा: आत शिरायला पैसे भरले होते ना? आणि कमाई माल विकून होत होती की माणसं जोडून? तुम्ही एक पैसा भरलेला नाही, तुमच्याखाली कुणी माणूस जोडलेला नाही. पैसे फिरवणाऱ्या योजनांवर आपल्याकडे १९७८ सालच्या कायद्याने बंदी आहे आणि थेट विक्रीच्या २०२१च्या नियमांनी पिरॅमिड योजनांनाही, म्हणजे माणसांखाली माणसं जोडून कमावण्याच्या योजनांनाही, मनाई केली. अफिलिएट कमिशन म्हणजे साधी दलाली. अमेझॉन ते १९९६पासून देतंय.

म्हापशाची ताई:
अगं, बाबांना तर हे एका वाक्यात कळेल. टॅक्सीवाला पाहुण्यांना काजूच्या दुकानात नेतो, दुकानदार त्याला कमिशन देतो. तेच हे.

फोंडेकरीण:
ताई, काल रात्री जेवताना हेच सांगितलं. बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. म्हणाले, "मी ते कमिशन कधी घेतलं नाही. दुकानदार ते काजूच्या भावात चढवतो आणि पाहुण्याला त्याचा पत्ता नसतो." मला हे माहीतच नव्हतं.

म्हापशाची ताई:
मग त्यांचा आक्षेप अगदी रास्त आहे. चेन मार्केटिंगची भीती आईची, बाबांचा प्रश्न सचोटीचा. त्यांना कायदे सांगून उपयोग नाही. दोन फोन घेऊन बसा. एकात तोच मिक्सर तुमच्या लिंकवरून उघडा, दुसऱ्यात थेट. किंमत तीच दिसेल, कारण तुमचं कमिशन विकणारा त्याच्या वाट्यातून देतो. आणि वाचणाऱ्याला पत्ता असू दे: लिंकच्या वरच लिहा की इथून घेतल्यास मला कमिशन मिळतं. जाहिरात मानक परिषदेच्या २०२१च्या सूचनाही हेच सांगतात, ही कबुली हॅशटॅगच्या गर्दीत दडवायची नाही.

मडगावचा हिशेबनीस:
आईंना कागद दाखवा. पासबुकात पैसे कुणाकडून आले ते दिसतं, आणि टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला आयकर, कापला असेल तर २६एएसमध्ये (आयकर खात्याकडच्या तुमच्या कराच्या पत्रकात) नोंद येते. कमिशनवरचा हा कर ऑक्टोबर २०२४पासून ५ टक्क्यांवरून २ टक्के झाला. वर्षाला २०,०००च्या आत असाल तर कापलेला नसेल, तरी विवरणपत्रात दाखवा. एक कळकळीची विनंती: ६,२००चा एकच महिना दाखवू नका, कोरडे महिनेही दाखवा. मामांनी त्या वेळी फक्त मोठे आकडे ऐकले होते. आणि घरच्यांना "माझ्या लिंकवरून घ्या" असं कधीही म्हणू नका.

फोंडेकरीण:
सगळ्यांचे आभार. लिंकच्या वर कमिशनची ओळ आजच घातली, आतापर्यंत ती पानाच्या तळाशी होती. अठरा महिन्यांचे आकडे वहीत उतरवले, पहिले पाच महिने शून्य. आईने वही दोनदा वाचली आणि काही न बोलता देवघराच्या फळीवर ठेवली.

बाबांनी दोन्ही फोनवरची किंमत चष्मा लावून ताडून पाहिली. मग विचारलं, "वाईट निघालेला मिक्सर वाईट म्हणून लिहिलायस?" मी मार्चमधला लेख उघडून दिला: वाटण करताना तिसऱ्या दिवशी भांड्याखालून पाणी झिरपायला लागलं होतं, घेऊ नका असं स्पष्ट लिहिलं होतं आणि लिंक दिली नव्हती. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला. आज सकाळी म्हणाले, "मामा आला की त्याच्याशी मी बोलतो."