शब्दचर्चा : 'दक्षिण' म्हणजे दिशा की उजवा हात?

प्रश्न

सिद्धटेकचा सिद्धिविनायक उजव्या सोंडेचा. अशा मूर्तीला आमच्याकडे 'दक्षिणाभिमुखी' म्हणतात. पण दर्शनाला गेलो तर देऊळ उत्तराभिमुख! मग नावात दक्षिण कुठून आली? आणि प्रदक्षिणा तर चारही दिशांनी फिरते, तिच्यात एकट्या दक्षिणेला मान का?

प्रतिसाद

दोन्ही ठिकाणी 'दक्षिण' म्हणजे उजवा. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा. पुढे असते ती पूर्व ('पूर्व' म्हणजे पुढचा, आधीचा), पाठीशी पश्चिम ('पश्चात'मधला पश्च), आणि उजव्या हाताला येते ती दक्षिण. दिशेला हाताचं नाव मिळालं आहे. प्रदक्षिणेत देव आपल्या उजव्या हाताला ठेवायचा असतो. दक्षिणावर्ती शंखही उजवीकडे वळलेला. मराठीत बोलण्यात 'उजवा' रुळला आणि 'दक्षिण' फक्त दिशेपुरता उरला, म्हणून घोटाळा होतो. देव कौल देतो तो उजवा; दक्षिण कौल कुणी म्हणत नाही.

मला यात सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट आयर्लंडमधली आहे. जुन्या आयरिशमध्ये 'देस' म्हणजे उजवा, आणि 'देस' म्हणजेच दक्षिण. 'तुअथ' म्हणजे डावा आणि उत्तर. पूर्वेच्या शब्दाचा मूळ अर्थ पुढचा, पश्चिमेच्या शब्दाचा मागचा. म्हणजे तोही माणूस सूर्याकडे तोंड करूनच उभा आहे. तिथल्या पवित्र विहिरींभोवती भाविक फेऱ्या घालतात त्या उजवा हात विहिरीकडे ठेवून. या फिरण्याला त्यांचा शब्द आहे 'देशल', आणि त्यातही तोच 'देस'. उलटी फेरी अशुभ. 'देशल'ला 'प्रदक्षिणा' याहून नेमका प्रतिशब्द मला सुचत नाही. हा योगायोग नव्हे; आयरिश आणि संस्कृत या नातलग भाषा आहेत.

उपप्रश्न

एवढ्यावरून आयरिश आणि संस्कृत नातलग कशा? एकसारखे दिसणारे दोन-चार शब्द कुठल्याही दोन भाषांत सापडतील.

प्रतिसाद

शंका रास्त आहे. नुसत्या दिसण्यावर नातं ठरत नाही, ठरतं ते नियमावर. आयरिश, वेल्श वगैरे ज्या कुळातल्या, त्या केल्टिक भाषांत शब्दाच्या सुरुवातीचा मूळचा 'प' गळून जातो. म्हणून आपल्या 'पितृ'ला जुन्या आयरिशमध्ये 'अथिर' आणि 'पूर्ण'ला 'लान'. दिसायला काहीच साम्य नाही, तरी नातं पक्कं, कारण 'प' प्रत्येक वेळी तसाच जातो. उलट 'विधवा'ला 'फेदव' हे कानालाही जवळचं. वेल्श भाषेत सासूला 'ख्वेगर' म्हणतात. 'ख्वेगर' आणि 'सासू' शेजारी ठेवले तर कुणी विश्वास ठेवणार नाही. पण मध्ये संस्कृत 'श्वश्रू' ठेवा, की दोन्हीकडची वाट दिसते.

हे नियम बसवायला आधी जुने शब्द हाती असावे लागतात, आणि जुन्या आयरिशचे शब्द सापडतात ते विचित्र जागी. आठव्या-नवव्या शतकातले आयरिश भिक्षू लॅटिन ग्रंथ वाचताना ओळींच्या मध्ये आणि पानाच्या समासात आपल्या भाषेत टिपा लिहीत. आपल्याकडे पोथीच्या समासात असतात तशाच. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलच्या मठात लॅटिन व्याकरणाची अशी एक पोथी आहे. तिच्या समासात कुणीतरी चार ओळींची कविता लिहून ठेवली आहे : आज रात्री वारा फार झोंबतो आहे, समुद्र खवळला आहे, म्हणजे आज व्हायकिंग दरोडेखोरांची भीती नाही. अशा टिपांच्या आधारे झॉइस या जर्मन पंडिताने १८५३ साली केल्टिक भाषांचं पहिलं शास्त्रशुद्ध व्याकरण प्रसिद्ध केलं.

आणि या टिपा ज्याने आयुष्यभर वेचल्या त्या व्हिटली स्टोक्सचं नाव आपल्याकडे माहीत असायला हवं. जन्म १८३०, डब्लिन. वडील नामांकित डॉक्टर. 'चेन-स्टोक्स' श्वसन म्हणतात त्यातले स्टोक्स ते. मुलगा वकील झाला, पण ट्रिनिटी कॉलेजातल्या झीगफ्रीड या जर्मन अभ्यासकामुळे त्याला संस्कृतची आणि तौलनिक भाषाशास्त्राची गोडी लागली. १८६२ साली तो मद्रासला आला, पुढे कलकत्त्याला सरकारच्या कायदे खात्याचा सचिव झाला, आणि १८७७ ते १८८२ व्हाइसरॉयच्या कौन्सिलात विधी सदस्य होता. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा त्याच्याच कारकिर्दीतला. खरेदीखत, गहाणखत करताना आजही त्याचाच आधार लागतो.

दिवसा कलमं-पोटकलमं आणि उरल्या वेळात जुनी आयरिश, असं वीस वर्षं चाललं. मूळ पोथ्या हजारो मैल दूर, हाताशी फक्त नकला. कॉर्मक या राजा-बिशपच्या नावावर असलेला हजारेक वर्षांपूर्वीचा आयरिश शब्दकोश इंग्रजी भाषांतरासह स्टोक्सने १८६८ मध्ये छापून घेतला, तो कलकत्त्यात! हा कॉर्मक शब्द फोडून त्यात लॅटिन, ग्रीक, हिब्रू तुकडे शोधतो. कितीतरी व्युत्पत्ती ओढूनताणून आणलेल्या, पण यास्काचं निरुक्त, म्हणजे वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीचा आपला प्राचीन ग्रंथ, चाळलेल्या माणसाला ही धडपड लगेच ओळखीची वाटेल.

त्याच १८६८ साली स्टोक्सने देशभरातली संस्कृत हस्तलिखितं शोधून, याद्या करून जपण्याची योजना सरकारपुढे मांडली. मुंबई इलाख्यात हे काम ब्यूलर आणि कीलहॉर्न हे जर्मन पंडित आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी केलं. तो सरकारी संग्रह आधी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होता, १९१८ मध्ये भांडारकर संस्थेकडे आला. मला विचाराल तर आपल्या दृष्टीने स्टोक्सचं हे काम त्याच्या कायद्यांपेक्षा मोठं. कायदा दुसऱ्या कुणीही लिहिला असता. पोथ्यांना वाळवी लागते हे कळायला मात्र समासातल्या टिपांवर जीव असलेला माणूस लागतो.

१८८२ मध्ये तो परत गेला आणि पुढची सत्तावीस वर्षं फक्त भाषेला दिली. १८९४ चा त्याचा मूळ केल्टिकचा, म्हणजे सगळ्या केल्टिक भाषांच्या पूर्वज भाषेचा, शब्दसंग्रह जर्मनमधून निघाला; त्यात केल्टिक शब्दांशेजारी संस्कृत आणि इतर भाषांतले सगोत्र शब्द मांडले आहेत. १९०१ आणि १९०३ मध्ये जॉन स्ट्रॅकनबरोबर त्याने सगळ्या जुन्या आयरिश टिपा दोन जाड खंडांत आणल्या. १९०९ साली लंडनमध्ये वारला.

आणखी एक भर

वसईला आणि गोव्यात डेसमंड नावाची मंडळी भेटतात. आयर्लंडच्या नैऋत्येकडच्या मन्स्टर प्रांताचा दक्षिण भाग तो 'देस-मुवन', त्यावरून डेसमंड. म्हणजे या नावातही 'दक्षिण' आहे का?

प्रतिसाद

आहे, तोच 'देस'. वेल्समध्येही मध्ययुगात 'देहेबार्थ' नावाचं राज्य होतं, शब्दशः 'उजवीकडचा भाग', म्हणजे दक्षिण भाग. आपल्या नाणेघाटातल्या नागनिका राणीच्या शिलालेखात सातवाहन राजासाठी 'दखिनापथपति' हे बिरुद आहे. त्या 'दखिन'चंच पुढे दख्खन झालं, आणि इंग्रजांच्या तोंडी डेक्कन. स्टोक्सच्या योजनेतल्या पोथ्या ज्या कॉलेजात राहिल्या, त्याच्या नावातलं.