मदत हवी आहे: जुन्या मोटरहोमची खिडकी गळतेय

मंडळी, आम्ही ओहायोत असतो. १९९४ची सेकंडहँड मोटरहोम (आत राहता-झोपता येईल अशी गाडी) घेतलीय. पाऊस लागला की बिछान्याजवळच्या खिडकीखालचं प्लायवूड भिजतं, बोटानं दाबलं तर मऊ लागतं. खिडकी आतून आवळून धरणाऱ्या रिंगचे स्क्रू काढले, पण बाहेरची ॲल्युमिनियमची चौकट जागची हलेना. आधीच्या मालकानं चहूबाजूंनी सिलिकॉन थापलंय, पाणी बाहेर पडायची खालची भोकंसुद्धा बुजवलीत! पत्रा न वाकवता चौकट कशी सोडवू? प्लास्टिकची पट्टी पुरेल की हेअर ड्रायरनं आधी शेकायचं? सिलिकॉनचा अंश राहिला तर ब्यूटाइल टेप (चौकटीमागे लावायची पाणीरोधक चिकट पट्टी) धरत नाही, मग तो अंश कशानं निघतो? तीन मिलिमीटर टेपचा एक थर पुरतो की दोन? शनिवारी ऊन आहे, बाहेरून खिडकी धरायला बायको तयार आहे (सध्या तरी).