‘क्लॅड’ला मुलामा म्हणावं का?

प्रश्न : तांत्रिक मजकुराचा अनुवाद करतेय. ‘क्लॅड प्लेट’ला ‘मुलामा दिलेली प्लेट’ आणि ‘सेन्सिटायझेशन’ला ‘संवेदीकरण’ लिहिलंय. चालेल?

उत्तर : मुलामा नको. मुलामा, कल्हई म्हटलं की नखाने खरवडला जाईल असा थर डोळ्यांसमोर येतो. क्लॅडमध्ये साध्या पोलादावर स्टेनलेसचा चांगला काही मिलिमीटरचा थर तापवून, रोलखाली दाबून एकजीव करतात. कधी स्फोटाच्या दणक्यानेही. ‘अस्तर’ जवळचं, पण अस्तर उसवता येतं. कारखान्यात सगळे क्लॅडच म्हणतात, तेच ठेवा.

हा एकजीवपणाच पुढे नडतो. वेल्डिंगनंतर पोलादातला ताण घालवायला अख्खा जॉब, म्हणजे हातातली वस्तू, ६०० ते ६५० अंश सेल्सिअसला ठेवतात. पोलादाला ते मानवतं. स्टेनलेसमधला कार्बन मात्र साधारण ४५० ते ८५० अंशांच्या टप्प्यात क्रोमियमला धरून धातूच्या कणांच्या सीमेवर कार्बाइड होऊन बसतो. त्यात खालच्या पोलादातला कार्बनही वर सरकतो. सीमेलगत क्रोमियम १२ टक्क्यांच्या खाली गेलं की आम्ल तिथूनच शिरतं. वरून तुकडा ठीक दिसतो, वाकवला की चिरा उघडतात. हेच सेन्सिटायझेशन. नुसत्या वेल्डिंगनेही हे होतं: वेल्डची रेघ शाबूत, आणि तिच्यापासून थोडं सरकून, तिला समांतर खाल्लेला पट्टा. ‘संवेदीकरण’ कोशात शोभतं. मी ‘हळवं होणं’ लिहितो.

दुसरं मत : हळवं भाताला म्हणतात हो, लवकर पिकणाऱ्या!

उत्तर : मनालाही म्हणतात. पोलादाने काय घोडं मारलंय?

प्रश्न : पुढे यावर उपाय म्हणून ‘सुमारे १०५० अंशांवरून झटकन पाण्यात’ असं आहे. ‘पाणी देणे’ लिहू?

उत्तर : इथेच फसाल. हत्याराला पाणी दिलं की ते कडक होतं. ३०४, ३१६ जातीचं स्टेनलेस उलट मऊच राहतं. कार्बाइड विरघळलेलं असतं, आणि झटकन निवल्यामुळे त्याला पुन्हा जमायला वेळ मिळत नाही. ‘विद्रावण करून पाण्यात निववणे’ लिहा, लांबलं तरी. क्लॅडला हा उपाय सहसा परवडत नाही, खालच्या पोलादाचे गुण बिघडतात. म्हणून थरासाठी आधीच ०.०३ टक्क्यांपर्यंतच कार्बन असलेली ‘एल’ जात, नाहीतर टायटॅनियम किंवा नायोबियम घातलेली निवडतात.

प्रश्न : आणि ‘गंज’ की ‘क्षरण’?

उत्तर : इथे क्षरण. गंज म्हटला की वाचक तांबूस डाग शोधत बसेल.