विरामचिन्ह ‘लोंबते’ की ‘कडेबाहेर’ जाते?

विचारणा (खानापूर) : पुस्तकाच्या मांडणीसाठी वापरल्या जाणाऱ्या संगणकप्रणालींत ओळीच्या शेवटी आलेला स्वल्पविराम किंवा पूर्णविराम थोडासा समासात सरकवण्याची सोय असते, ज्यामुळे मजकुराची उजवी कड डोळ्यांना सरळ दिसते. मराठी-कन्नड द्विभाषिक पुस्तकाच्या मांडणीविषयी मी एक टिपण लिहीत आहे. या क्रियेला ‘लोंबती विरामचिन्हे’ म्हणावे, ‘समासलंघन’ म्हणावे, की ‘बहिःसरण’? ‘प्रोट्रूजन’ हा शब्द तसाच ठेवला तर मांडणी करणाऱ्यांचे अडत नाही, परंतु संपादकांना त्यातून काही बोध होत नाही.

प्रतिसाद (शहापूर, बेळगाव) : ‘लोंबणे’ देवनागरीला शोभत नाही. आपली अक्षरेच मुळात शिरोरेषेला लोंबलेली असल्यामुळे या क्रियापदाने वरून खाली अशी दिशा मनात येते, आणि येथे तर चिन्ह आडवे सरकते. ‘समासलंघन’ वाचून निम्म्या वाचकांना व्याकरणातला समास आठवेल आणि उरलेल्यांना उपास! ‘बहिःसरण’ अर्थाने अचूक आहे, पण ज्या चिन्हांची चर्चा आहे त्यांतच ‘अपसारणचिन्ह’ (डॅश) असल्याने एकाच परिच्छेदात दोन्ही शब्द आले की वाचक अडखळतो. मी ‘कडेबाहेर काढणे’ असे साधे क्रियापद सुचवीन. कन्नडमध्ये ‘अंचु’ म्हणजे कड, साडीचा काठही. त्यामुळे पुस्तकाच्या कन्नड भागावर काम करणाऱ्यांनाही आपल्या भागात हा शब्द समजावून द्यावा लागणार नाही.

प्रतिसाद (निपाणी) : ‘कडेबाहेर’ मान्य आहे, मात्र त्यासोबत प्रमाण सांगण्याची सोय हवी, कारण चिन्ह पूर्ण बाहेर जाणे आणि अंशतः बाहेर जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुमारे १४५५ च्या गुटेनबर्गच्या बायबलात शब्द तोडल्याच्या खुणा स्तंभाच्या बाहेर पडलेल्या दिसतात; आजच्या प्रणालींत मात्र किती बाहेर काढायचे हे ठरवता येते. लाटेक या मांडणीप्रणालीतील मायक्रोटाइप या जोडसंचात प्रत्येक चिन्हाला डावीकडचा आणि उजवीकडचा असे दोन आकडे देता येतात व ते सामान्यतः त्या चिन्हाच्या रुंदीच्या हजाराव्या भागांत मोजले जातात, म्हणजे उजवीकडे ५०० लिहिले की अर्धे चिन्ह कडेबाहेर. इनडिझाइन या दुसऱ्या मांडणीप्रणालीत ही सोय चालू करून अक्षराच्या आकारमानाचा एकच आकडा द्यायचा असतो. चिन्हागणिक फेरफार तेथे होत नाही. म्हणून टिपणात ‘कडेबाहेर ५००’ असे लिहिल्यास ते एका प्रणालीपुरतेच खरे ठरेल. ‘अर्धा कडेबाहेर’ असे लिहावे.

प्रतिसाद (शहापूर, बेळगाव) : प्रमाणाचा मुद्दा रास्त आहे, पण आकडे इंग्रजी पुस्तकावरून उचलू नयेत. देवनागरीत ओळीची कड ठरते ती शिरोरेषेच्या टोकावरून आणि शेवटच्या अक्षराच्या उभ्या दंडावरून. ‘आला,’ हा शब्द ओळीच्या शेवटी आला की काना ठळक उभा असतो, स्वल्पविराम खाली बारीकसा बसतो आणि त्याच्या वरची सगळी जागा मोकळी राहते; साहजिकच वरच्या ओळीतला ‘आला’ आणि हा ‘आला’ एका रेषेत नाहीत हे लगेच खुपते. कन्नड अक्षरांची कड गोलसर असल्याने तेथे ही पोकळी इतकी उघडी पडत नाही, असे माझे निरीक्षण आहे. त्यामुळे दोन लिप्यांच्या टंकांना वेगळी प्रमाणे द्यावीत. डावीकडे उघडते अवतरणचिन्ह बाहेर काढले की पहिल्या अक्षराची शिरोरेषा इतर ओळींच्या शिरोरेषांशी जुळते, आणि हा फायदा मला उजवीकडच्या फायद्याहून मोठा वाटतो.

विचारणाकर्ता (खानापूर) : आभारी आहे. ‘कडेबाहेर काढणे’ स्वीकारतो. ओव्या-अभंगांच्या शेवटी येणाऱ्या दंडालाही हाच नियम लावावा का?

प्रतिसाद (निपाणी) : लावू नये. दंड अक्षराच्या उंचीचा असल्याने त्याच्या वर पोकळी राहतच नाही, आणि तो समासात गेला तर सुटून पडलेल्या कान्यासारखा दिसतो. शिवाय ओव्या-अभंगांच्या ओळी उजवीकडे ताणून सरळ केलेल्या नसतात. दंडाला दोन्ही बाजूंना शून्य द्यावे, आणि टिपणात ‘दंड कडेच्या आत’ असे स्पष्ट लिहावे.