मदत हवी आहे: कापसाच्या भावाचे ग्राफ तयार आहेत, विश्लेषण कसं लिहू?

नमस्कार मंडळी,

मी वर्धा जिल्ह्यात देवळी तालुक्यातल्या एका गावात राहते, एम.ए. अर्थशास्त्राचा प्रकल्प करते आहे. हिंगणघाट बाजार समितीचे कापसाचे रोजचे आकडे अ‍ॅगमार्कनेट या सरकारी बाजारभावाच्या संकेतस्थळावरून घेतले: आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर. ऑक्टोबर ते सप्टेंबर असा हंगाम धरून 2021-22 पासूनचे लाइन ग्राफ काढले, त्यावर हमीभावाची आडवी रेष टाकली. आता लिहिताना अडतंय.

मुख्य अडचण सरासरीची. 2021-22 मध्ये भाव क्विंटलला 10,000 रुपयांच्या वर गेला, तेव्हा मध्यम धाग्याचा हमीभाव 5,726 होता. ग्राफ पाहून कोणीही म्हणेल, शेतकऱ्याचं भलं झालं. पण सगळ्यात वरचा भाव हंगामाच्या उत्तरार्धातला. आमच्याकडे लहान शेतकऱ्याचा बराचसा कापूस दिवाळी ते संक्रांत निघून जातो. वेचाईचे पैसे आणि कृषी केंद्राची उधारी थांबत नाही. उन्हाळ्यातला भाव ज्याला कापूस घरात भरून ठेवता आला त्याचा. म्हणून आवकेनुसार भारित सरासरी (ज्या दिवशी आवक जास्त, त्या दिवसाच्या भावाला जास्त वजन) काढावी असं माझं ठाम मत आहे. साधी सरासरीही शेजारी द्यावी का?

दुसरं, हमीभावाची रेष नेमकी कोणती? 2024-25 ला मध्यम धागा 7,121, लांब धागा 7,521. माझ्या आकड्यांत धाग्याची लांबी नाही, म्हणून दोन रेषांमधला पट्टा रंगवायचा विचार आहे. त्यात सीसीआय (हमीभावाने खरेदी करणारं भारतीय कापूस महामंडळ) पूर्ण हमीभाव देते तो 8 टक्के ओलाव्यापर्यंत; त्यापुढे कपात, आणि 12 टक्क्यांच्या वर खरेदीच नाही. पहिल्या वेच्याचा, दवात भिजलेला कापूस तिथेच अडकतो. गावात येऊन व्यापारी करतात ती खेडा खरेदी तर या ग्राफमध्ये दिसतच नाही. हे सगळं शेवटी 'मर्यादा' म्हणून टाकलं तर कोण वाचणार? ग्राफच्या लगेच खाली लिहिलं तर चालतं ना?

मार्गदर्शक सांगतात, प्रत्येक ग्राफखाली 'भाव वाढला, भाव घटला' लिहा. ते तर डोळ्यांना दिसतंच. मला लिहायचंय की भाव हमीभावाखाली गेला तेव्हा शेतकरी तोट्यात होता. पण लागवडीचा खर्च माझ्याकडे नाही, मग 'तोटा' म्हणता येईल का?

बाजार बंद असलेल्या दिवशी रेष तोडावी की जोडावी, तेही सांगा. असं लिखाण केलेल्यांनी एखाद्या ग्राफखालचा आपला परिच्छेद इथे टाकला तर फार मदत होईल.