जुन्या घरगुती चित्रफितींतील बिघडलेला आवाज पुन्हा मिळवता येईल का?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

आमच्याकडे धाकट्या भावाच्या मुंजीचे २००४ सालचे चित्रण आहे. मूळ चित्रण मिनी-डीव्ही कॅसेटवर झाले होते. पुढे एका स्टुडिओने ते संगणकावर उतरवून एव्हीआय (चित्र आणि आवाज एकत्र ठेवणारा फाईलचा एक प्रकार) फाईलच्या रूपात दिले आणि आज आमच्या हाती तेवढी फाईलच आहे. कॅसेट कोणाकडे राहिली याची नातेवाइकांत चौकशी सुरू आहे. चित्र तासभर, अगदी शेवटपर्यंत, स्वच्छ दिसते. आवाज मात्र ३१ मिनिटे २० सेकंदांपर्यंतच ठीक आहे. तेथून पुढे, म्हणजे भिक्षावळ सुरू होते तेथपासून, सर्वांचे बोलणे बारीक आणि घाईघाईचे ऐकू येते, ते ओठांच्या हालचालींशी जुळत नाही, आणि पन्नास मिनिटे होऊन गेल्यावर थोड्याच वेळात आवाज पूर्ण थांबतो. याच उत्तरार्धात आजोबांचे भजन आहे, म्हणून ही धडपड. मीडियाइन्फो या फाईलचा तपशील दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पाहिले असता संपूर्ण फाईलसाठी 'पीसीएम (न दाबलेला डिजिटल आवाज), ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, दोन चॅनेल' अशी नोंद दिसते.

दुसरी फाईल डिजिटल कॅमेऱ्यावर घेतलेली छोटी चित्रफीत आहे. मेमरी कार्ड खराब झाल्यावर ती एका रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत मिळवली. तिच्यात सतत फरफर ऐकू येते आणि विचित्र गोष्ट अशी की, कोणी बोलत नसते तेव्हा ही फरफर अधिक जाणवते.

ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममधील नॉइज रिडक्शन (गोंगाट कमी करण्याची सोय) वापरून पाहिले, पण बोलणे अधिकच अस्पष्ट झाले. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे एखादे सशुल्क साधन घ्यावे का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तारसप्तक

आपण दिलेल्या वर्णनावरून पहिल्या फाईलमधील आवाज खराब झालेला नसून तो चुकीच्या गतीने वाचला जात आहे, असे माझे ठाम मत आहे. तेव्हा सशुल्क साधन तूर्त घेऊ नये. अशी साधने ऐकू येणाऱ्या आवाजावर काम करतात. मुळातले वाचनच चुकले असेल, तर ती त्या चुकीलाच गुळगुळीत करून देतात.

कारण असे आहे. मिनी-डीव्हीवर आवाज दोन पद्धतींनी नोंदवता येत असे: एक ४८ किलोहर्ट्झ (म्हणजे सेकंदाला आवाजाची ४८,००० मोजमापे; त्यांना नमुने म्हणतात), १६ बिट, दोन चॅनेल, आणि दुसरी ३२ किलोहर्ट्झ, १२ बिट, चार चॅनेल. अनेक घरगुती कॅमेरे १२ बिटवर ठेवलेलेच विकले जात आणि घरच्या माणसांपैकी कोणी ती सेटिंग बदलण्याच्या फंदात पडत नसे. आपल्याकडील पाल या चित्रपद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम असतात. म्हणजे ४८ किलोहर्ट्झला प्रत्येक फ्रेममागे सरासरी १९२० नमुने येतात आणि ३२ किलोहर्ट्झला १२८०. कॅसेटच्या मध्येच पद्धत बदलली, तर कॅमेऱ्याला ते कळते, कारण प्रत्येक फ्रेमसोबत आवाजाच्या पद्धतीची नोंद असते. एव्हीआय फाईलमध्ये मात्र आवाजाचे वर्णन सुरुवातीला एकदाच लिहिलेले असते. उतरवून घेणाऱ्या सॉफ्टवेअरने कॅसेटच्या आरंभी ४८ पाहिले, तसे लिहिले, आणि पुढे १२८० नमुने येऊ लागले तरी ते त्याच नावाखाली भरत राहिले.

हिशेब करून पाहा. चित्रण साठ मिनिटांचे धरले, तर ३१:२० नंतर २८ मिनिटे ४० सेकंद उरतात. ३२ किलोहर्ट्झचा आवाज ४८ने वाजवला की तो दोन तृतीयांश वेळात, म्हणजे साधारण १९ मिनिटे ७ सेकंदांत, संपतो. दोन्हींची बेरीज ५० मिनिटे २७ सेकंद होते. आपला आवाज नेमका तेथेच थांबत असेल, तर निदान पक्के समजावे. उत्तरार्ध दुसऱ्या कॅमेऱ्यावर घेतला होता का, हेही कळवावे.

आता उपाय. एव्हीआयमधील डीव्हीचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात चित्र आणि आवाज एकाच प्रवाहात राहतात. दुसऱ्या प्रकारात आवाजाची वेगळी प्रत काढून स्वतंत्र प्रवाहात ठेवली जाते. पण कॅसेटवरून थेट उतरवलेल्या दुसऱ्या प्रकारच्या फाईलमध्येही चित्राच्या प्रवाहातील डीव्ही फ्रेम सहसा जशाच्या तशा असतात आणि त्यांच्या पोटात मूळ आवाज, त्याच्या खऱ्या नोंदीसह, शिल्लक असतो. सर्वसाधारण प्लेअर तो वाचत नाही, एवढेच. म्हणून एफएफएमपेग या आज्ञा लिहून चालवायच्या प्रोग्रॅमने फक्त चित्राचा प्रवाह पुन्हा एन्कोड न करता (म्हणजे त्यातील माहिती नव्याने न बनवता), कॉपी करून, 'रॉ व्हिडिओ' स्वरूपात बाहेर काढावा आणि नव्या फाईलला डीव्ही हे एक्स्टेन्शन द्यावे. ही फाईल उघडली की वाचणारे सॉफ्टवेअर आवाज फ्रेममधून घेते.

पद्धत मध्येच बदलत असल्यामुळे ही रॉ फाईल त्या ठिकाणी तोडून दोन तुकडे करणे मला अधिक सुरक्षित वाटते. पाल डीव्हीची प्रत्येक फ्रेम बरोबर १,४४,००० बाइटची आणि स्वयंपूर्ण असते, त्यामुळे या संख्येच्या पटीत कोठेही कापले तरी काही बिघडत नाही. ३१:२० म्हणजे १८८० सेकंद, म्हणजे ४७,००० फ्रेम, म्हणजे ६,७६,८०,००,००० बाइट. बदल नेमका कोणत्या फ्रेमला होतो हे पाहून आकडा थोडा मागेपुढे करावा लागेल. दुसरा तुकडा स्वतंत्रपणे उघडल्यावर त्यात ३२ किलोहर्ट्झ अशी नोंद दिसली पाहिजे. हे सर्व मूळ फाईलच्या प्रतीवरच करावे.

चित्रफीत

तारसप्तक यांचे विवेचन योग्य आहे, परंतु कॅसेटचा शोध थांबवू नये. फाईल कितीही दुरुस्त केली, तरी स्टुडिओने ती उतरवल्यावर पुन्हा रेंडर केली (संपादनानंतर नव्याने बनवली) असेल, तर फ्रेमच्या पोटातील मूळ आवाज टिकलेला असेलच असे नाही. तसे असल्यास वरील युक्तीने शांतता किंवा आधीचाच बिघडलेला आवाज मिळेल. कॅसेट सापडली तर ती फायरवायर या डिजिटल जोडणीने पुन्हा उतरवावी. त्या मार्गाने कॅसेटवरील आकडे जसेच्या तसे संगणकात येतात. एका तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते, एवढी तयारी ठेवावी. त्या काळच्या बऱ्याच कॅमेऱ्यांची यूएसबी जोडणी फोटो किंवा हलक्या दर्जाच्या चित्रासाठी होती, तिच्यावर विसंबू नये.

आणखी एक सूचना. कॅसेट पावसाळ्यात कोंदट कपाटात राहिली असेल, तर आधी तिच्या खिडकीतून रिळाच्या कडा पाहाव्यात. पांढरट बुरशी दिसली तर ती कॅमेऱ्यात घालूच नये. बुरशी कॅमेऱ्यातील फीत वाचणाऱ्या हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटवर तिचा परिणाम होतो. एलपी (जास्त वेळ मावावा म्हणून फीत हळू फिरवणाऱ्या) गतीने चित्रित केलेली कॅसेट दुसऱ्या कॅमेऱ्यावर नीट वाचली जात नाही असा अनुभव सर्रास येतो, त्यामुळे शक्य असेल तर मूळ कॅमेराच मिळवावा.

कृष्णाकाठ

दोघांचेही आभार. आवाज ५० मिनिटे २७ सेकंदांनाच थांबतो. दुपारनंतरचे चित्रण मामांनी त्यांच्या कॅमेऱ्यावर घेतले होते आणि कॅसेट तीच चालू ठेवली होती, असे आई सांगते. एफएफएमपेग मला अवघड वाटते. भाचा दिवाळीत येईल तेव्हा त्याच्याकडून करून घेईन. तोपर्यंत भजनाचा भाग ऐकण्यापुरता तरी सुधारता येईल का? शिवाय सुरुवातीच्या काही मिनिटांत स्टुडिओने सनईची ध्वनिमुद्रिका वर चढवली आहे, ती काढता येते का?

खर्जातला

भजनापुरता सोपा मार्ग आहे. आवाज वेगळा काढून ऑडॅसिटीत उघडावा, ३१:२० पासून शेवटपर्यंतचा भाग निवडावा आणि गती व स्वर एकत्र बदलणारा परिणाम ०.६६७ या गुणकाने लावावा. केवळ स्वर किंवा केवळ लय बदलणारे परिणाम येथे उपयोगाचे नाहीत. ते आवाज ताणून त्यात नवे दोष निर्माण करतात, तर गती आणि स्वर एकत्र बदलल्यास फीत हळू फिरवल्यासारखा परिणाम मिळतो.

भजनात पेटी असेल तर निदान कानानेही पडताळता येईल. ४८ आणि ३२ यांचे गुणोत्तर तीनास दोन आहे, आणि षड्ज-पंचमाचे गुणोत्तरही तेच. म्हणजे आजोबा पांढरी एकमध्ये गात असतील, तर बिघडलेल्या फाईलमध्ये त्यांचा षड्ज पांढरी पाचवर ऐकू आला पाहिजे. घरातील पेटीवर तो स्वर दाबून पाहावा. स्वर जेमतेम दीड पट्टीने चढलेला आढळला असता, तर दोष ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झ यांच्या गोंधळाचा ठरला असता आणि गुणकही वेगळा, ०.९१९ च्या आसपास, लागला असता. घरच्या चित्रणात पेटीइतकी विश्वासू साक्ष क्वचितच मिळते; माणसाचा आवाज किती चढला आहे हे आठवणीवरून सांगताना प्रत्येक नातेवाईक वेगळे सांगतो.

शून्य-एक

दुसऱ्या फाईलबद्दल लिहितो, कारण तिचा उल्लेख मागे पडला. त्या काळच्या पुष्कळ डिजिटल कॅमेऱ्यांत चित्रासोबतचा आवाज ८ बिट पीसीएम, एक चॅनेल आणि ८ किंवा ११.०२५ किलोहर्ट्झ असा असे. वेव्ह आणि एव्हीआयमध्ये ८ बिटचे नमुने ० ते २५५ असे चिन्हाविना लिहितात आणि १२८ म्हणजे शांतता. तेच आकडे चिन्हासह, म्हणजे उणे १२८ ते अधिक १२७ असे वाचले गेले, तर १२७ आणि १२८ हे शेजारी दोन टोकांना जाऊन बसतात. मग शांततेतील किंचितशी थरथरही एका टोकावरून दुसऱ्या टोकावर उड्या मारू लागते. कोणी बोलत नसताना फरफर वाढते, हे आपले निरीक्षण याच दोषाकडे बोट दाखवते. रिकव्हरी सॉफ्टवेअरने फाईलचा हरवलेला मथळा (फाईलच्या आरंभी असणारे तिचे वर्णन) अंदाजाने लिहिला असावा.

ऑडॅसिटीत 'रॉ डेटा' आयात करण्याची सोय आहे. आधी त्या चित्रफितीतील आवाजाचा प्रवाह कॉपी करून वेगळा काढावा, मग आयात करताना 'अनसाइन्ड ८ बिट', एक चॅनेल आणि ८००० हा दर निवडावा. बोलणे संथ आणि जड वाटले तर ११,०२५ करून पाहावे. प्रयोग करताना स्पीकर अगदी हळू ठेवावा आणि हेडफोन लावू नये, कारण चुकीची निवड केल्यास पूर्ण ताकदीचा कर्कश आवाज येतो. याने काही साधले नाही आणि सर्वत्र सारखाच 'फस्स' आवाज राहून त्यामागे बोलणे पुसट ऐकू आले, तर नमुने १६ बिटचे असून त्यांतील दोन बाइटची अदलाबदल झाली आहे असे समजावे. तेव्हा बाइटचा क्रम उलटा करावा किंवा सुरुवात एका बाइटने पुढे ढकलावी.

दुरुस्तीनंतरही अपेक्षा बेताचीच ठेवावी. ८ किलोहर्ट्झच्या ध्वनिमुद्रणात ४ किलोहर्ट्झच्या वरचे काहीच नसते, त्यामुळे 'स' आणि 'श' यांतील फरक पुसट राहील. तो कॅमेऱ्याने नोंदवलेलाच नाही.

तारसप्तक

सनईविषयी. १२ बिट पद्धतीतील चार चॅनेलपैकी पहिली जोडी मूळ आवाजासाठी आणि दुसरी नंतर आवाज भरण्यासाठी असते. कॅमेऱ्यातच ऑडिओ डब केले असेल, तर सनई दुसऱ्या जोडीत वेगळी राहते आणि पहिलीतील मूळ आवाज अबाधित असतो. पण आपल्या फाईलचा पूर्वार्ध ४८ किलोहर्ट्झचा आहे आणि त्या पद्धतीत दुसऱ्या जोडीला जागाच नसते. म्हणजे सनई संगणकावर मिसळली गेली आहे. तरीही भाच्याकडून रॉ फाईल काढून घेतल्यावर पहिली काही मिनिटे अवश्य ऐकावीत: स्टुडिओने एव्हीआयमधील आवाजाची प्रतच बदलली असेल आणि डीव्ही फ्रेमना हात लावला नसेल, तर सनईखालचे बोलणे तेथे मिळू शकते. तेथेही सनईच असेल, तर ते मिश्रण पूर्णपणे सुटे करता येणार नाही. स्वर वेगळे करणारी आजची साधने बोलणे काहीसे वर आणतात, पण त्यांतला बराच भाग अंदाजाचा असतो. अशी प्रत काढलीच तर ती वेगळ्या नावाने ठेवावी आणि मूळ फाईल पुसू नये.