सेगोव्हियाला गेला होतात? अनुभव इथे लिहा

रानजाई:

स्पेनला जाणारे बहुतेक जण माद्रिद, बार्सेलोना आणि फार तर तोलेदो करून परततात. सेगोव्हियाला गेलेच तर माद्रिदहून अर्ध्या दिवसात. रोमन काळातल्या दगडी कमानींच्या जलवाहिनीसमोर फोटो, अल्काझार या किल्लेवजा राजवाड्याला धावती भेट, की संध्याकाळची गाडी. आम्हीही पहिल्यांदा हेच केलं आणि परत येताना हळहळलो. पुढच्या वेळी मुद्दाम दोन रात्री राहिलो.

त्यातली एक सकाळ मी जन्मभर विसरणार नाही. जलवाहिनी सगळे अथोगेखो चौकातून बघतात, कारण तिथे ती सगळ्यात उंच आहे, सुमारे 28 मीटर. आम्ही उलटीकडून सुरुवात केली. गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरावरून येणारं पाणी जिथे गाळ बसवायला थांबवत, तिथून. तिथे ती साध्या कुंपणाच्या भिंतीएवढी आहे, दगडाला हात लावता येतो. तिच्या कडेकडेने चालत राहिलं की जमीन उतरत जाते आणि कमानी वाढत जातात. आधी एकेरी, मग कमानीवर कमान. एकूण 167. पाण्याचा उतार साधायला जमीन उतरेल तसतशी वाहिनी उंच करत नेलेली आहे, हे पुस्तकात वाचून कळलं नव्हतं. ते चालताना पायांना कळलं.

हा धागा एवढ्यासाठीच काढला. कुणी गेलं असेल तर सविस्तर लिहा. घरच्या मोठ्या माणसांना नेण्याच्या दृष्टीनेही लिहा.

दगडूशेठ_सिन्नरकर:

रानजाईताई, धाग्याबद्दल आभार. मी निवृत्त स्थापत्य अभियंता. गोंदेश्वराच्या देवळाच्या अंगणात खेळत मोठा झालो, त्यामुळे चुन्याशिवाय दगडावर दगड बसवलेलं बांधकाम मला नवं नाही. तरी सेगोव्हियाला अर्धा तास मान वर करून उभा होतो. ग्रॅनाइटचे हजारो चिरे, सांध्यात ना चुना ना काही. नुसत्या वजनाने आणि कमानीच्या दाबाने सुमारे 1900 वर्षं उभे आहेत.

चिऱ्यांच्या तोंडावर लहान लहान खाचा दिसतील, त्या जरूर बघा. दगड उचलताना लोखंडी चिमट्याची टोकं त्यात अडकवत. गावातली कथा मात्र अशी, की रोज डोंगरावरून पाणी वाहून दमलेल्या एका मुलीशी सैतानाने करार केला: कोंबडा आरवायच्या आत पाणी तुझ्या दारात आणतो, बदल्यात तुझा आत्मा. एक दगड बसवायचा राहिला आणि उजाडलं. मुलगी वाचली. खाचा म्हणजे सैतानाच्या बोटांचे ठसे. राहिलेल्या दगडाच्या जागी कोनाड्यात मेरीची मूर्ती आहे म्हणे. मला ती मुलगी फार जवळची वाटली. आमच्या आईने दुष्काळात मैलभरावरून हंडे आणलेले मी पाहिलेत.

1992 पर्यंत या कमानींखालून मोटारी जात. ते थांबवलं, याचा मला फार आनंद वाटतो.

कोथरूडची_मृणाल:

आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो, म्हणून प्रवासाचं आधी सांगते. माद्रिदच्या चामार्तिन स्थानकावरून वेगवान गाडी अर्ध्या तासात पोचवते, पण ते स्टेशन गावाबाहेर माळावर आहे. तिथून बसने जलवाहिनीपाशी यायचं. आम्हाला हे माहीत नव्हतं. आमची बस डोळ्यांदेखत सुटली आणि पुढची येईपर्यंत सासूबाई बोचऱ्या वाऱ्यात कुडकुडत बसल्या. गाव समुद्रसपाटीपासून हजार मीटरवर आहे, शाल-स्वेटर हाताशी ठेवा.

अल्काझारचे महाल त्यांनी सावकाश पाहिले. राजांच्या दालनात छताखाली ओळीने बसलेले सोनेरी राजे-राण्या आहेत, तिथे त्या बराच वेळ रमल्या. 1862 च्या आगीत आतलं बरंच जळलं, आत्ताची छतं नंतर पुन्हा केलेली आहेत. बुरुजाच्या 152 पायऱ्या मी एकटीच चढले. गुडघे दुखणाऱ्यांनी तो नाद सोडावा, काही बिघडत नाही. त्यापेक्षा संध्याकाळी खाली नदीकाठच्या कुरणात जा. एरेस्मा आणि क्लामोरेस या दोन नद्यांच्या बेचक्यात तो किल्ला जहाजाच्या नाळेसारखा पुढे आलेला दिसतो. जवळच व्हेरा क्रूझ नावाचं बारा बाजूंचं छोटं चर्च आहे, 1208 सालचं. सासूबाई तिथे डोळे मिटून बसल्या होत्या. अजूनही बोलताना त्या किल्ल्याआधी त्याचंच नाव घेतात.

पाऊलवाट:

ज्यू मोहल्ल्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तिथलं कॉर्पुस क्रिस्ती चर्च म्हणजे पूर्वीचं मोठं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. नालाच्या आकाराच्या पांढऱ्या कमानींची रांग आहे. 1899 मध्ये ते जळलं, मग तसंच पुन्हा उभारलं. गल्लीतून सान आंद्रेस दरवाजाबाहेर आलात की दरीपलीकडे पाइनच्या झाडीत त्यांचं दफनस्थान दिसतं. ज्या इसाबेलाला 1474 मध्ये याच गावात राणी म्हणून घोषित केलं, तिच्याच राजवटीत 1492 ला ज्यूंना देश सोडायला लावला. घरं सुटल्यावर शेवटचे दिवस लोक त्या थडग्यांपाशी राहिले असं सांगतात. पलीकडे जाऊन या. खडकात खोदलेल्या माणसाएवढ्या खाचा बघून मला बोलवेना.

खडीसाखर:

शाकाहारींसाठी: गावाची ख्याती भाजलेल्या कोवळ्या डुकराची आहे, ते इतकं मऊ असतं की बशीच्या कडेने कापून दाखवतात. मोठ्या पांढऱ्या दाण्यांची उसळ मिळते, पण तीही डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात, तेव्हा आधी विचारा. गोडात 'पोंचे' घ्या. बदामाच्या गोळ्याचा थर, वर पिठीसाखर आणि तिच्यावर तापल्या सळईने उमटवलेली जाळी. अंडं चालत असेल तरच.

फळा_खडू:

कथीड्रल, म्हणजे गावातलं मुख्य चर्च, सगळे बघतातच, 1525 ला सुरू झालेलं, बघावंच. पण मी शिक्षक, मला कवी आंतोनियो माचादोंची खोली बघायची होती. 1919 ते 1932 ते इथे फ्रेंच शिकवत आणि भाड्याच्या खोलीत राहत. ते घर आता संग्रहालय आहे. पलंग, टेबल, खिडकी, बस्स. मी गेलो तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. तिथल्या बाईंनी खिडकी उघडून दिली आणि खालच्या अंगणातला ओल्या मातीचा वास आत आला.